आधी त्या कोपऱ्यावर उभी राहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. विजेच्या डीपीभोवतीचा कचऱ्याचा ढीग, फाटक्या गादीवर ऐसपैस पसरलेलं कुत्रं, आणि मागच्या भिंतीवर गणपती, साईबाबा, क्रूस अशा ओळीने फरशा. पुण्यात या फरशा मी कित्येक वर्षं बघतेय. त्याने एवढंच होतं, की कचरा देवापासून चार हात लांब पडतो. 'येथे कचरा टाकू नये' या पाटीने तर नवख्या माणसाला पत्ताच कळतो.

'लोकांना अक्कलच नाही' असं तू लिहिलंस. नसेल. पण बिनअकलेची माणसं गावभर आहेत, मग ढीग त्याच कोपऱ्यावर का? हे कळेपर्यंत पाटी नको, मोहीम नको आणि झाडू हातात घेऊन फोटो तर नकोच. आठवडाभर तिथे नुसती उभी राहा. पहाटे साडेपाच ते साडेआठ, आणि रात्री दहानंतर तासभर, पण रात्री एकटी नाही. वहीत नावं लिहू नकोस. काय पडलं आणि किती वाजता, एवढंच लिही.

आमच्या कोपऱ्यावर मी अशी उभी राहिले, तेव्हा निम्म्या पिशव्या सात ते सव्वासातमध्ये पडत होत्या. मागच्या इमारतींत भाड्याने राहणारी मुलंमुली, कंपनीच्या बससाठी पळणारी. कचरा घ्यायला ताई यायच्या नऊला. तोवर दाराला कुलूप. पोरांनी पिशवी न्यायची कुठे? जिन्याखाली ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या ठेवल्या, ताईंचे पैसे सोसायटीच्या मेंटेनन्समधून द्यायचं ठरलं, आणि तो पंधरा मिनिटांचा कचरा थांबला. भाषण एकही करावं लागलं नाही.

उरलेल्या पिशव्यांचं कोडं ताईंनीच सोडवलं. पिशवीची गाठ बघून त्या सांगायच्या, ही अमुक बिल्डिंगची, ही चिकनवाल्याची. पुण्यात दारोदार कचरा घेणाऱ्या कितीतरी बायका पूर्वी कुंडीत हात घालून भंगार वेचत. 1993 मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था. तुमच्या भागातल्या ताईंना आधी चहाला बोलाव. पालिकेच्या निरीक्षकसाहेबांकडे नंतर जा.

आता माझी चूक. पोतं घेतलेल्या एका माणसाचा फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'हाच तो' म्हणून. तो टाकत नव्हता, ढिगातून बाटल्या वेचून नेत होता. दुसऱ्या दिवशी वॉचमनने त्याला हाकलला. मी माफी मागितली ती ग्रुपवर, त्याच्याकडे मागायची राहूनच गेली, कारण तो परत दिसलाच नाही. म्हणून सांगते, माणसाचा चेहरा कधी टाकू नकोस.

राडारोड्याचं मात्र वेगळं आहे. तिथे कुणाची अडचण नसते, सरळ हिशेब असतो. फ्लॅटचं बाथरूम फोडणारा ठेकेदार वाहतुकीचे पैसे धरतो आणि माल रात्री नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी उलटतो. डंपरला आडवी जाऊ नकोस. गॅलरीतून गाडीचा नंबर, वेळ, तारीख टिपून ठेव. सकाळी ढिगातल्या फरशा बघ. आम्हाला एकदा गुलाबी फुलांच्या जुन्या टाइल्स सापडल्या होत्या. त्याच टाइल्स शेजारच्या एका सोसायटीत अजून सगळ्यांच्या मोऱ्यांत होत्या. सेक्रेटरींकडे एक टाइल घेऊन गेलो, बोलावं फार लागलं नाही. तेव्हापासून तिथे कामाची परवानगी देताना राडारोडा कुठे टाकणार ते लिहून घेतात आणि पावती दाखवल्याशिवाय ठेव परत करत नाहीत. बांधकामाच्या कचऱ्याला 2016 पासून वेगळे नियम आहेत. तो घरच्या कचऱ्यात मिसळायचा नाही, नाल्यात तर नाहीच नाही. पण ठेकेदाराला नियमापेक्षा ठेव लवकर कळते.

तक्रार लेखीच दे, पोच घे. 'निधी नाही' असं उत्तर आलं, तर मध्य प्रदेशातल्या रतलामची आठवण ठेव. तिथल्या एका वॉर्डातले लोक घाण आणि उघड्या गटारांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. नगरपालिकेने पैशांचं कारण पुढे केलं. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते कारण चालणार नाही असं ठणकावलं. ज्या कलमाखाली लोक गेले, ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 होतं. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 152 आहे. वकील गाठण्याआधी तेवढं एक पान वाचून जा.

आणि ढीग उचलला, की त्याच दिवशी घरी जाऊन झोपू नका. रिकाम्या कोपऱ्यावर पहिली पिशवी पडली, की दुपारपर्यंत दहा पडतात. पहिले दहा दिवस पहाटे कुणीतरी तिथे हवंच. झाडांच्या कुंड्या ठेवू नका, आमच्या चोरीला गेल्या. जुनं बाकडं टाका, म्हातारी माणसं आपोआप येऊन बसतात.

रविवारी साडेपाचला येते. चहाचा थर्मास मी आणीन, वही तू आण. गाद्यांचं काय करायचं ते तिथेच बोलू, त्याला मलाही अजून नीट उपाय सापडलेला नाही.

तुझी,
काकू