वाचकांचे प्रश्न : मलेशियातील चिनी पुढे आणि मलय मागे, असे का?

प्रश्न : माझा भाचा चार वर्षांपासून मलेशियात पिनांग येथे एका सेमीकंडक्टर कारखान्यात अभियंता आहे. त्याचे म्हणणे असे की, तेथील चिनी वंशाचे लोक मुळातच कष्टाळू आणि काटकसरी असून मलय लोक मुळातच निवांत आहेत, आणि म्हणूनच पन्नास वर्षे मलयांना सवलती देऊनही सरकारला दोघांमधील अंतर भरून काढता आलेले नाही. त्याने पाठवलेले आकडे मला खरे वाटतात, निष्कर्ष मात्र पटत नाही. पण तो का पटत नाही, हे मला नेमके मांडता येत नाही. दोन वंशांची अशी तुलना करावी तरी कशी?
— एक निवृत्त शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या भाच्याचे आकडे बरोबर असतील, पण ते कुठून कुठवर आले हे पाहिले तर त्याचे वाक्य अर्धेच उरते. १९७० साली मलेशियाच्या द्वीपकल्पीय भागात मलय कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १७२ रिंगिट होते आणि चिनी कुटुंबाचे ३९४ रिंगिट, म्हणजे जवळजवळ २.३ पट. २०१९ च्या सरकारी पाहणीत भूमिपुत्र कुटुंबाचे सरासरी उत्पन्न सुमारे ७,१०० रिंगिट आणि चिनी कुटुंबाचे सुमारे ९,९०० रिंगिट होते, म्हणजे १.४ पट. अंतर आहे, परंतु ‘भरून काढता आलेले नाही’ असे ज्याला म्हणायचे असेल त्याने आधी २.३ वरून १.४ पर्यंतचा प्रवास कुठे गेला ते सांगावे. उलट बाजूने कोणी वजाबाकी करून दाखवील की, पूर्वी २२२ रिंगिटांचा फरक होता तो आता २,८०० वर गेला. तीही वजाबाकी चूक नाही, फक्त पन्नास वर्षांत वाढलेल्या किमती तिच्यात धरलेल्या नाहीत. आणखी एक बारकावा असा की, हे दोन्ही आकडे कुटुंबाचे आहेत, माणसाचे नाहीत. मलय घरात खाणारी तोंडे चिनी घराहून सरासरीने अधिक असतात, त्यामुळे दरडोई हिशेब केला तर अंतर १.४ पटीहून मोठे निघते. आपल्या भाच्याच्या बाजूने जाणारा हा मुद्दा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही.

आता मोजले कोणाला, ते पाहू. वर मी एकदा ‘मलय’ म्हटले आणि एकदा ‘भूमिपुत्र’, ही हातचलाखी माझी नसून आकडेवारीची आहे. भूमिपुत्रांत मलयांबरोबर बोर्निओ बेटावरील सबाह आणि सरावाक येथील कादाझान, इबान यांसारखे मूळनिवासीही येतात. शिवाय ‘मलय’ हा शब्दसुद्धा रक्तापेक्षा कायद्याने ठरलेला आहे. मलेशियाच्या राज्यघटनेच्या १६० व्या कलमानुसार जो इस्लाम पाळतो, नेहमी मलय भाषा बोलतो आणि मलय रूढीने वागतो तो मलय. त्यामुळे जावाहून किंवा सुमात्रातील मिनांगकाबाऊ भागातून दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेल्याचा नातू आज मलय म्हणून मोजला जातो, आणि ज्याचे चिनी पूर्वज मलाक्क्यात कित्येक शतके राहिले, घरात मलयमिश्रित बोली बोलत आले, तो पेरानाकान मात्र चिनी म्हणून. म्हणजे ‘स्थानिक’ आणि ‘बाहेरून आलेला’ अशी जी जोडी आपण गृहीत धरतो, तीच पुष्कळ घरांना लागू पडत नाही.

चिनी म्हणून ज्यांना मोजतात, तेही एकसंध नव्हेत. होक्कियन, कॅंटोनीज, हाक्का, तिओच्यू अशा बोलीगटांचे व्यवसाय वेगळे, वस्त्या वेगळ्या, आणि एकोणिसाव्या शतकात लारूतच्या कथील खाणींवरून त्यांच्याच टोळ्यांमध्ये रक्तपात झालेला. हे लोक प्रवासखर्चाचे कर्ज डोक्यावर घेऊन आले, कित्येक तापाने मेले, पुष्कळ परत गेले. १९३० नंतरच्या मंदीत तर ब्रिटिशांनी कामगारांना मोठ्या संख्येने माघारी पाठवले आणि चिनी पुरुषांच्या प्रवेशावर मर्यादा घातली. आज ज्यांची सरासरी आपण काढतो ते मागे टिकलेल्यांचे वंशज आहेत. जे हरले ते त्या सरासरीत नाहीतच. त्यांची नातवंडे कदाचित चीनच्या फूच्येन प्रांतात भातशेती करत असतील. मलय शेतकऱ्याला मात्र परत जायला दुसरा देश नव्हता, म्हणून त्याचे यश आणि अपयश दोन्ही तेथेच मोजले गेले.

यापुढचा भाग जमिनीचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कल्पना करा की, १९२० च्या सुमारास पेराक राज्यात एका मलय शेतकऱ्याकडे तीन-चार एकर जमीन आहे. रबराला भाव आहे, त्याला रोपे लावायची आहेत. त्याची जमीन भाताच्या नोंदीची असेल, तर १९१७ च्या कायद्याने तीवर रबर लावता येत नाही. ती १९१३ च्या कायद्याखालील मलय राखीव जमीन असेल, तर ती बिगरमलय माणसाला विकता येत नाही. हा कायदा त्याच्या संरक्षणासाठी, विशेषतः चेट्टियार सावकारांच्या हाती जमिनी जाऊ नयेत म्हणून केलेला होता, आणि हेतू सगळाच खोटा नव्हता. पण जी जमीन फक्त गरीब शेजाऱ्यालाच विकत घेता येते तिची किंमत पडते, आणि पडलेल्या किमतीच्या तारणावर कर्ज मिळत नाही, किंवा मिळालेच तर महाग मिळते. त्यातूनही ज्याने रबर लावले त्याच्या वाट्याला १९२२ ची उत्पादन-मर्यादा योजना आली, जिच्यात छोट्या बागायतदारांचे उत्पादन युरोपीय मळ्यांच्या तुलनेत कमी धरून त्यांना कमी कोटा देण्यात आला. एवढे झाल्यावर संध्याकाळी तो ओट्यावर बसलेला दिसला, तर पाहणाऱ्याने वहीत ‘निवांत’ असे लिहून घेतले.

शाळेचेही तसेच. खेड्यातील मलय मुलासाठी सरकारने मलय माध्यमाची प्राथमिक शाळा दिली, तिचा घोषित उद्देशच असा की, शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या मुलाने बापापेक्षा थोडा शहाणा शेतकरी किंवा कोळी व्हावे. इंग्रजी शाळा शहरांत होत्या, आणि शहरांत कोण राहत होते? १९७० साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तेरा वर्षांनीसुद्धा, मलयांपैकी सुमारे १५ टक्केच शहरी होते, तर चिन्यांपैकी सुमारे ४७ टक्के. सरदार-घराण्यांतील मुलांसाठी १९०५ पासून क्वाला कांगसार येथे वेगळे निवासी विद्यालय होते. सामान्य मलय मुलाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

काटकसरीचा मुद्दा राहिला. चिनी दुकानदारांमध्ये ‘हुई’ नावाची पद्धत होती: दहा-वीस जणांनी दरमहा ठरलेली रक्कम जमा करायची आणि ती पाळीपाळीने एकेकाने उचलायची. आपल्याकडची भिशीच ती. पण तशीच भिशी मलय लोकही चालवतात. तिला तेथे ‘कुतू’ म्हणतात आणि मलय बायकांमध्ये ती चांगली रुजलेली आहे. तेव्हा बचतीची वृत्ती एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, असे म्हणता येत नाही. माझ्या मते फरक पैशाच्या हंगामाचा आहे. बाजारपेठेत एकाचा माल आज खपतो, दुसऱ्याला आजच माल भरायचा असतो, म्हणून भिशीचा पैसा फिरता राहून भांडवल होतो. भातशेतीच्या गावात मात्र सुगीला सर्वांकडेच पैसा असतो आणि पेरणीला सर्वांनाच हवा असतो. तेथे भिशी लग्नाला आणि भांड्याकुंड्यांना उपयोगी पडते, दुकान घालायला नाही. आणि व्यापार मलयांच्या स्वभावातच नाही असे वाटत असेल, तर भाच्याने एकदा सुट्टी काढून केलांतान राज्यातील कोटा भारूचा सिती खदिजा बाजार पाहावा. तेथील भाजी, मसाले आणि कापडाच्या गाळ्यांवर बहुतेक मलय बायका बसलेल्या दिसतील आणि घासाघीस त्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

‘मुळातच’ हा शब्द भाच्याने शोधून काढलेला नाही, हेही सांगायला हवे. महाथीर मोहमद यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मलयांच्या मागासलेपणाचा काही दोष आनुवंशिकतेवर टाकला होता; त्यावर देशात बंदी आली, आणि १९८१ मध्ये तेच पंतप्रधान झाल्यावर ती उठली. उलट सय्यद हुसेन अलातास या समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये असे दाखवले की, आळशी मलय ही प्रतिमा मुख्यतः वसाहतीच्या गरजेतून घडली: स्वतःचे शेत असलेला मलय माणूस मळ्याच्या मजुरीवर राबायला आला नाही, म्हणून तो आळशी ठरला. आम्हाला अलातास यांचे म्हणणे अधिक पटते.

सवलतींबद्दल थोडक्यात. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये उसळलेल्या वांशिक दंगलीनंतर १९७१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले. त्याचे उद्देश दोन: वंश न पाहता गरिबी हटवणे, आणि अमुक वंश म्हणजे अमुक धंदा हे समीकरण मोडणे. त्या वेळी द्वीपकल्पात सुमारे ६५ टक्के मलय कुटुंबे गरीब होती, पण २६ टक्के चिनी कुटुंबेही गरीब होती. १९४८ नंतरच्या कम्युनिस्ट बंडाच्या काळात सुमारे पाच लाख लोकांना, त्यांत बहुतेक चिनी, उठवून काटेरी तारांच्या ‘नव्या खेड्यांत’ बसवले होते. श्रीमंत चिन्याच्या चित्रात ही माणसे कधी दिसत नाहीत. कंपन्यांच्या भागभांडवलात मलयांचा वाटा २.४ टक्के आणि चिन्यांचा २७ टक्के होता; ६३ टक्के परदेशी, मुख्यतः ब्रिटिश मालकीचे होते. भांडण दोघांचे आणि दुकान तिसऱ्याचे, असाच तो प्रकार. १९९० पर्यंत भूमिपुत्रांचा वाटा ३० टक्क्यांवर न्यायचा होता, तो सरकारी हिशेबाने १९.३ टक्क्यांपर्यंत गेला. २००६ साली एका अभ्याससंस्थेने शेअरची दर्शनी किंमत न धरता बाजारभाव धरला, सरकारी भांडवलाच्या कंपन्या त्यात मिळवल्या आणि हाच वाटा ४५ टक्के काढला. त्यावरून मोठे वादळ झाले. मोजपट्टी बदलली की उत्तर किती बदलते, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

मग २.३ चे १.४ झाले ते सवलतींमुळे की एकूण भरभराटीमुळे? दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. १९७२ पासून पिनांगच्या बायान लेपास भागात परदेशी इलेक्ट्रॉनिक्स कारखाने आले आणि खेड्यांतील हजारो मलय मुली सूक्ष्मदर्शकाखाली तारा जोडायला पाळीवर जाऊ लागल्या. कारखाना खुल्या व्यापारामुळे आला, मुली तेथे पोहोचल्या त्या धोरणाच्या रेट्यामुळेही. सवलतींचा मोठा वाटा वर वशिल्याच्या कंत्राटदारांकडे गेला, ही तक्रार खुद्द मलय लोकच करतात आणि ती खरी आहे. आज भूमिपुत्रांमधील श्रीमंत-गरिबांतले अंतर पाहिले, तर दोन वंशांच्या सरासरींतील फरक त्यापुढे लहान वाटतो. आपला भाचा ज्या कारखान्यात आहे तेथे त्याला बरोबरीचे अभियंते बहुधा चिनी भेटत असतील आणि मलय माणसे सरकारी खिडकीपलीकडे. या दोन जागांवरच्या माणसांची तुलना त्याने केली आहे. इचलकरंजीतील यंत्रमागवाला आणि तहसील कचेरीतील कारकून यांना शेजारी उभे करून आपण दोन जातींचा स्वभाव ठरवणार नाही.

प्रश्न : सिंगापूरमध्ये तेच मलय आणि तेच चिनी आहेत, पण तेथे मलेशियासारखे धोरण नाही. मग दोन्ही देश शेजारी ठेवले की सवलतींचा उपयोग झाला की नाही, हे सरळच कळणार नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : १९६५ मध्ये सिंगापूर वेगळे झाले, म्हणून ही तुलना मोहक वाटते. २००० च्या जनगणनेत तेथील चिनी कुटुंबाचे कामातून मिळणारे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५,२०० सिंगापूर डॉलर आणि मलय कुटुंबाचे सुमारे ३,१५० होते, म्हणजे १.७ पटीच्या आसपास. सवलतींचे समर्थक हा आकडा दाखवतात. विरोधक म्हणतात की, सिंगापूरचा मलय माणूस मलेशियाच्या मलयापेक्षा अधिक कमावतो आणि त्याला स्वतःच्या मालकीची सदनिका मिळालेली आहे. दोघेही खरे बोलतात. परंतु सिंगापूर हे केवळ शहर आहे. त्याची तुलना केदाह राज्यातील भातशेतीसह सबंध मलेशियाशी करण्याऐवजी क्वालालंपूरशी करायला हवी. शिवाय तेथे मलय अल्पसंख्य आहेत, मलेशियात बहुसंख्य, आणि मतपेटीचा परिणाम पगारावर होतो.

तिसरी अडचण आपल्याच लोकांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. त्याच जनगणनेत सिंगापूरच्या भारतीय वंशाच्या कुटुंबाचे उत्पन्न सुमारे ५,१०० डॉलर, म्हणजे चिन्यांच्या जवळपास पोचलेले दिसले. याचे मोठे कारण असे की, त्या दशकात भारतातून संगणक आणि बँकिंग क्षेत्रातील पदवीधर तेथे स्थायिक होऊ लागले होते, त्यांत पुण्या-मुंबईचेही होते, आणि जनगणनेच्या तक्त्यात ते पूर्वीच्या तमिळ गोदी कामगारांच्या मुलांबरोबर एकाच रकान्यात बसले. रकान्याचे नाव तेच राहिले, आतली माणसे बदलली. त्या गोदी कामगाराच्या मुलाचा पगार त्यामुळे एका डॉलरनेही वाढला नव्हता.