पहिल्या वर्षी वसतिगृहात राहून मुले भिन्न पार्श्वभूमीच्या लोकांबद्दल खरेच मोकळ्या मनाची होतात का?

तुमची मुलगी यंदा एका एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) प्रथम वर्षाला जात आहे आणि देशभरातील मुलींबरोबर राहिल्याने ती आपोआप अधिक मोकळ्या मनाची होईल का, असे तुम्ही विचारले आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात मी काही वर्षे रेक्टर होतो. ती मोकळी होईल याची शक्यता चांगली आहे, मात्र 'आपोआप' हे मला मान्य नाही.

एनआयटीत साधारण निम्म्या जागा त्या राज्यातील आणि निम्म्या बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यामुळे सरमिसळ कागदावर तरी ठरलेलीच असते. प्रत्यक्षात मात्र पहिल्या काही दिवसांतच मेसमध्ये एका भाषेची मुले एका टेबलावर बसू लागतात आणि "रँक किती?" हा प्रवेश परीक्षेतील क्रमांकाचा वरकरणी साधा प्रश्न पुष्कळदा समोरच्याची जात काढण्यासाठीच विचारला जातो, कारण प्रवेश राखीव जागेवर झाला का, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. दिल्लीच्या 'एम्स'मधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये असे नोंदवले होते की, त्रासाला कंटाळून अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटले होते.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडले होते की, भिन्न गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह ओसरायचे असतील तर दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज पडायला हवी आणि या साऱ्याला संस्थेचे उघड पाठबळ हवे. उत्तर प्रदेशात झालेल्या एका प्रयोगात निरनिराळ्या जातींच्या तरुणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे क्रिकेटच्या संघांत वाटून महिनाभर स्पर्धा खेळवली गेली. एकाच मिश्र संघात खेळलेल्यांमध्ये परजातीय मैत्री वाढली, पण दुसऱ्या जातीची माणसे ज्यांना प्रतिस्पर्धी म्हणूनच अधिक भेटली, त्यांच्यात अशी जवळीक एकंदरीने कमी झाली. वर्गातील इतरांच्या तुलनेत श्रेणी देण्याची पद्धत जेथे आहे तेथे प्रथम वर्षाची मुले नेमकी अशीच परस्परांसमोर उभी केली जातात, तर वर्कशॉपच्या किंवा प्रयोगशाळेच्या बॅचमध्ये तीच मुले एका संघात येतात. (रेक्टरने म्हणू नये, पण सबमिशनच्या आदल्या रात्री ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारताना, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट उतरवून घेताना, दिसणारा सर्वधर्मसमभाव मी एरवी क्वचितच पाहिला.)

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी स्वतंत्र वसतिगृहे उभी केली आणि ज्या मुलांना शहरात कोणी आसरा देत नव्हते त्यांना शिक्षण शक्य झाले. त्या काळी ते आवश्यकच होते. त्यांपैकी जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, ते मात्र सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी. तेथे मुले नुसती शेजारी झोपत नव्हती. ती एका पंक्तीला जेवत होती, वसतिगृहाची कामे मिळून करत होती आणि त्यामागे संस्थापकाचा आग्रह उघडपणे उभा होता. ऑलपोर्टच्या अटी त्याने लिहिण्यापूर्वी तीस वर्षे साताऱ्यात पाळल्या जात होत्या, असे मी म्हणेन.

तुमच्या मुलीपुरते बोलायचे तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोलीची जोडीदार. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी खोल्या कार्यालय ठरवते आणि दुसऱ्या वर्षापासून मुले आपापले गट करून खोली मागतात, म्हणून अनोळखी मुलीबरोबर राहण्याची संधी बहुधा एकदाच मिळते. "दुसरी मराठी मुलगी मिळेल का?" असे विचारणारे पालक माझ्याकडे दर जुलै-ऑगस्टमध्ये येत असत. त्यांची काळजी मला समजत असे, तरी मी शक्यतो नकार देत असे. मराठी मंडळात तिने जरूर जावे. परक्या गावी आपल्या भाषेत बोलायला मिळाले की इतरांशी जुळवून घेण्याचा ताणही कमी होतो. दिवा किती वाजता मालवायचा, अंडी खोलीत आणायची की नाही, यांवरून सुरुवातीला कुरबुरी होतील, त्या दोघींनाच मिटवू द्या. जातीवरून, धर्मावरून किंवा दिसण्यावरून कोणी सतावत असेल तर मात्र ती कुरबूर नव्हे; त्या वेळी खोली बदलून घ्या आणि रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार करा.