एएलटी वाढली म्हणून लगेच स्टिरॉइड नको

प्रिय डॉक्टर,

यकृत प्रत्यारोपणाच्या वॉर्डात तुझं पोस्टिंग सुरू होतंय. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारणं, रक्तातून ओळखता येतं का, हा तुझा प्रश्न. संशय घेता येतो. शिक्कामोर्तब बायोप्सीच, म्हणजे यकृताच्या तुकड्याची तपासणीच करते.

समज, दहाव्या दिवशी एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) ६० वरून २४० झाली, जीजीटीही (पित्तमार्गाशी निगडित विकर) चढली. आधी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी कर. यकृताच्या धमनीत गुठळी झाली किंवा पित्तनलिका अरुंद झाली तरी हेच आकडे चढतात. पित्तमार्गात जंतुसंसर्ग असताना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलंस, तर रुग्ण सेप्सिसमध्ये (संसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतणं) जाऊ शकतो. सीएमव्ही या विषाणूची चाचणीही पाठव.

मग टॅक्रोलिमस, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी. रक्त सकाळच्या गोळीआधी, आदल्या डोसनंतर १२ तासांनी, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यायचं. गोळी घेऊन आलेल्याची पातळी खोटी जास्त दिसते, कुणीतरी डोस उतरवतं आणि रिजेक्शनला आयतं आमंत्रण मिळतं. म्हणून फॉर्मवर गोळीची वेळ लिहीच. क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू केलं की पातळी कोसळते. फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाने आणि जुलाबातही ती चढते.

आता तू विचारलेला दात्याचा पेशीमुक्त डीएनए. कलमातल्या (बसवलेल्या यकृतातल्या) पेशी मेल्या की तो रक्तात येतो आणि फार तर दोनेक तासांत निम्मा होतो, म्हणून सध्याची इजा दाखवतो. २०१७ च्या जर्मन अभ्यासात यकृतासाठी रक्तातल्या पेशीमुक्त डीएनएत दात्याच्या वाट्याची १० टक्क्यांची सीमा धरली होती. मूत्रपिंडातला १ टक्का इथे लावू नकोस. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस तो रिजेक्शनशिवायही खूप वर असतो. त्यातही इजा कळते, कारण कळत नाही. रंगीत अहवाल पाहून हुरळू नये!

नमुना इथे फार बिघडतो. साध्या ईडीटीए नळीतलं रक्त काही तासांत फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही, तर रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि दात्याची टक्केवारी खोटी खाली येते. बाहेरगावी पाठवायचं असेल तर पेशी टिकवणारी खास नळीच वापर. आपल्याकडे दाता बहुधा घरातलाच. आई-मुलाचा निम्मा वारसा सामाईक, त्यामुळे दोघांना वेगळं ओळखवणाऱ्या खुणा कमी पडतात. नात्यातल्या दात्यासाठी चाचणी तपासून पाहिली आहे का, हे प्रयोगशाळेला आधीच विचार.

इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत) फुकट मिळतो. तो चढत असेल तर संशय बळावतो, पण स्टिरॉइडवरच्या रुग्णात तो दबलेला असतो. दात्याविरुद्धची प्रतिपिंडं वारंवारच्या किंवा स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या रिजेक्शनमध्ये बघ.

बायोप्सीआधी आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आणि प्लेटलेट पाहा. जलोदर असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर गळ्यातल्या शिरेतून नमुना घ्यायला सांग. तुकड्यात निदान सहा पोर्टल ट्रॅक्ट (यकृतातले रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र असलेले भाग) हवेत. पॅथॉलॉजिस्ट पोर्टल भाग, पित्तनलिका आणि शिरांचं अस्तर यांना प्रत्येकी ० ते ३ गुण देऊन एकूण ९ पैकी आकडा कळवतो. फॉर्मवर नुसतं ‘रिजेक्शन?’ लिहू नकोस. एएलटीचा चढउतार, टॅक्रोलिमसची पातळी, डॉपलरचा निष्कर्ष आणि स्टिरॉइड आधी दिलं असेल तर त्याची तारीख लिही.