मध्यस्थी की शिष्टाई?

प्रश्न : ‘सीरियाच्या यादवीत कतारने मध्यस्थी केली’ असे वाक्य वाचले. इथे ‘शिष्टाई केली’ म्हटले तर चालेल का? अर्थ एकच ना?

उत्तर : एकच नाही. मध्यस्थ म्हणजे दोघांच्या मध्ये उभा असलेला. दोन्ही बाजू त्याला सारख्या, निदान तसे दिसायला तरी हवे. शिष्टाई बहुधा कुणाच्या तरी वतीने होते. हा शब्द आपल्या कानात बसला तो कृष्णशिष्टाईमुळे, आणि कृष्ण हस्तिनापूरला गेला तो पांडवांचा दूत म्हणून. अर्जुनाचे सारथ्य तर त्याने निघण्याआधीच कबूल केले होते! उद्योगपर्वातला हा क्रम आपण सहसा विसरतो.

कतारने या दोन्ही भूमिका करून पाहिल्या आहेत. मे २००८ मध्ये बैरुतच्या रस्त्यांवर हिज्बुल्ला आणि सरकारसमर्थक यांच्यात गोळीबार झाला, तेव्हा कतारने सगळ्या लेबनानी पुढाऱ्यांना आपल्या राजधानीत, दोह्यात आणून बसवले. २१ मे रोजी करार झाला आणि चारच दिवसांत मिशेल सुलेमान राष्ट्राध्यक्षपदी निवडले गेले. ही अस्सल मध्यस्थी. जेमतेम तीनेक लाख मूळ नागरिकांच्या, गॅसच्या पैशावर गबर झालेल्या देशाला ती जमली, कारण तो सगळ्यांशी बोलत होता.

सीरियात तसे राहिले नाही. जुलै २०११ मध्ये कतारने दमास्कसमधला दूतावास बंद केला. त्यानंतरही अरब लीग या अरब देशांच्या संघटनेच्या समितीचा म्होरक्या म्हणून तो सीरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष असद यांच्याशी बोलणी करत होता. एवढ्या काळाला ‘शिष्टाई’ शोभेल. पण जानेवारी २०१२ मध्ये कतारचे अमीर, म्हणजे राज्यप्रमुख, शेख हमद अरब फौजा पाठवण्याची भाषा बोलू लागले, बंडखोरांना पैसा आणि शस्त्रे पोचू लागली, आणि मार्च २०१३ च्या दोहा परिषदेत अरब लीगमधली सीरियाची खुर्ची थेट विरोधकांना मिळाली. याला आपल्याकडे ‘रसद पुरवणे’ म्हणतात. कतारचे माजी पंतप्रधान हमद बिन जासिम २०१७ च्या मुलाखतीत सीरियाबद्दल म्हणाले, आम्ही शिकारीवरून आपसात भांडत बसलो आणि शिकार निसटली. मध्यस्थाच्या तोंडी ‘शिकार’ हा शब्द येत नाही.

जाता जाता : अरबीत मध्यस्थीला ‘वसाता’ म्हणतात, आणि आखातात नोकरी केलेल्या मराठी माणसाला चांगला ठाऊक असलेला ‘वास्ता’, म्हणजे वशिला, त्याच धातूचा.

‘यादवी’बद्दलही थोडी कुरकुर. मौसलपर्वात यादव आपसातच लढून संपले, बाहेरचा कुणी नव्हता. सीरियात बाहेरचेच इतके की शब्द तोकडा पडतो. पण तो रुळलाय, राहू दे. तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘सीरियाच्या यादवीत कतारने आधी शिष्टाई केली, मग बंडखोरांना रसद पुरवली.’