प्रिव्हॅरिकेट म्हणजे उशीर नव्हे रे

अरे, तुझा कालचा मेल वाचला, मला सीसीत ठेवलंस ते बरं केलंस. क्लायंटने सॅम्पल पास करायला तीन आठवडे लावले हे खरंय, पण 'यू आर प्रिव्हॅरिकेटिंग' लिहिताना तुझ्या मनात होतं 'तुम्ही चालढकल करताय' आणि त्याने वाचलं 'तुम्ही खरं काय ते लपवताय', मग तो भडकणार नाही तर काय.

चालढकलीचा शब्द प्रोक्रॅस्टिनेट. त्यात लॅटिनमधला 'क्रास' बसलाय, म्हणजे उद्या. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात म्हणून खुद्द ब्रिटनमध्येही लोक सर्रास गफलत करतात, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नकोस.

पण प्रिव्हॅरिकेटचं मूळ बघ. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाकडं चालणं, आणि रोमन कोर्टात जो फिर्यादी आतून आरोपीला सामील व्हायचा, वरवर भांडून केस मुद्दाम ढिली सोडायचा, त्याला प्रिव्हॅरिकेटर म्हणायचे. म्हणजे तू नकळत केवढा मोठा आरोप केलास!

मी नोकरीला नवीन होतो तेव्हा साहेबांनी विचारलं, ड्रॉइंग व्हेंडरला गेलं का? मी म्हटलं, "सर, त्यांच्याशी कालच बोललोय, फॉलोअप चालूच आहे." ड्रॉइंग माझ्या खणात, डब्याखाली. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त गेलं की नाही तेवढं सोडून मी सगळं सांगितलं. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "हो की नाही?" याला म्हणतात प्रिव्हॅरिकेट करणं, आपल्याकडे उडवाउडवीची उत्तरं.

आता तू विचारशील, मग 'नरो वा कुंजरो वा'? तो इक्विव्होकेट. अश्वत्थामा मेला हे खरंच, पण हत्ती की द्रोणाचार्यांचा मुलगा, ते ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. तिथे शब्दच दुहेरी लागतो. इंग्लंडात 1606 साली गनपावडर कटाच्या, म्हणजे राजासकट पार्लमेंट सुरुंगाने उडवायच्या कटाच्या खटल्यात हेन्री गार्नेट नावाच्या जेझुइट पाद्र्यावर असल्याच दुहेरी बोलण्यावरून सरकारी वकील तुटून पडले होते, आणि शेवटी त्याला फाशी झाली. तुझं प्रकरण तेवढं गेलेलं नाही.

तर आज क्लायंटला फोन कर, मेल नको. शब्द चुकला, मला उशीर म्हणायचं होतं, एवढंच सांग, इंग्रजी मीडियम-मराठी मीडियम वगैरे पुराण लावू नकोस. आणि सॅम्पल नेमकं कोणाच्या टेबलावर अडकलंय ते मात्र विचारून घे.