बुरुली अल्सर : जखम तळहाताएवढी, दुखणं नाममात्र

प्रश्न : बुरुली अल्सरमध्ये कातडीखालचं मांस सडतं, तरी रुग्णाला ताप नसतो आणि फारसं दुखतही नाही. हे कसं?

उत्तर : ‘मांसभक्षक जिवाणू’ हा वर्तमानपत्री शब्द आधी बाजूला ठेवा. हा आजार ज्या जिवाणूमुळे होतो, तो मायकोबॅक्टेरियम अल्सरन्स मांस खात नाही. त्याचं मायकोलॅक्टोन नावाचं विष पेशी मारतं. घटसर्प किंवा धनुर्वाताचं विष प्रथिन असतं. हे मात्र मेदासारखं स्निग्ध, त्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतं आणि लांबवर झिरपतं. ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जिवाणूंचे पुंजके एका जागी आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत चरबीच्या मेलेल्या पेशी दिसतात : केंद्रक गायब, नुसती बाह्यरेषा शिल्लक. शुद्ध केलेलं विष गिनी पिगच्या कातडीत टोचल्यावर जिवाणूंविनाच तशी जखम झाली, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं.

पेशी जी प्रथिनं बाहेर सोडते किंवा पृष्ठभागावर बसवते, त्यांतल्या बहुतेकांना आधी पेशीच्या आतल्या सेक-६१ या प्रथिनाच्या दारातून जावं लागतं. मायकोलॅक्टोन नेमकं तेच दार अडवतं. मग संरक्षक पेशींना बोलावणारी रसायनं बाहेर पडत नाहीत. म्हणून ताप नाही, पूही जवळजवळ नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं, ते रक्त गोठण्याला आवर घालतं. तेही घटतं, ऊतकात फायब्रिन (रक्ताच्या गुठळीचे धागे) साचतं आणि रक्तपुरवठा तुटतो. म्हणजे विषाचा मारा आणि वर उपासमार. उंदरांवरच्या प्रयोगांत हे विष चेतापेशी बधिर करतं असंही दिसलं आहे.

प्रश्न : तपासणीसाठी स्वॅब जखमेच्या मधोमध घ्यायचा का?

उत्तर : नाही, तिथे मुख्यतः मेलेला थर असतो. कातडीच्या आधी खालची चरबी मरते, त्यामुळे जखमेच्या कडा आतून पोखरलेल्या असतात. वरचा मृत थर काढून स्वॅब या कडेखाली सरकवा आणि जखमेच्या पूर्ण घेराभोवती फिरवा. कडा पोखरलेली नसेल किंवा नुसतीच गाठ असेल, तर बारीक सुईने नमुना काढावा लागतो. खात्री पीसीआरने, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने होते. कल्चरवर (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्यावर) विसंबू नका : हा जिवाणू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि फार सावकाश वाढतो, निकालाला कित्येक आठवडे जातात. (हातपायांवर जखमा जास्त दिसतात, त्यामागे या थंडाव्याच्या आवडीचा हात असावा.)

प्रश्न : गोळ्या सुरू केल्यावर जखम वाढली. औषध चुकलं का?

उत्तर : बहुधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार रिफॅम्पिसिन दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा आणि क्लॅरिथ्रोमायसिन दर किलोमागेच ७.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे ८ आठवडे देतात. जिवाणू मेले की विष ओसरतं, इतके दिवस अडवलेल्या संरक्षक पेशी एकदम धावून येतात आणि सूज, पू, कधी नवी गाठही दिसते. याला विरोधाभासी प्रतिक्रिया म्हणतात. ती औषध हरल्याची खूण समजून गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी नारिंगी झाली तर तो रिफॅम्पिसिनचा रंग.

मोठी जखम ८ आठवड्यांनंतरही महिनोन्‌महिने भरत राहते, काही वेळा त्वचारोपण लागतं. जखम सांध्यावर असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून सांधा हलवत ठेवा. दुखत नाही म्हणून तो वाकवून ठेवला, तर भरताना कातडी आखडते आणि हात किंवा पाय तसाच वाकडा राहतो.