टेपचा रंग बदलला म्हणजे झालं का?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाकिटावर वर्तुळात खोडलेला २ असलेली, म्हणजे एकदाच वापरायची, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची कात्री धुऊन पुन्हा ईटीओला (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करायला) लावतात, पाकिटावरच्या खुणेच्या टेपचा रंगही नीट बदलतो, मग बिघडतं कुठे, असं तू विचारलं आहेस.

टेप एवढंच सांगते की पाकीट निर्जंतुकीकरणाच्या सायकलमधून गेलं. कात्रीच्या पोकळ दांड्यातल्या नळीचं तिला काही ठाऊक नसतं. मी नवा असताना अशाच एका ‘निर्जंतुक’ कात्रीचं पाकीट उघडून तिच्या दांड्यात बारीक ब्रश घातला होता. पांढरा गेला आणि तपकिरी होऊन बाहेर आला. ते जुनं रक्त होतं. त्या दिवशी मला खरोखर कापरं भरलं. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू दडून राहतात, तिथवर ना वाफ पोचते ना वायू.

म्हणून खरं काम सिंकपाशी होतं. थिएटरमधून येतानाच उपकरण ओलं ठेवायला सांग, पण सलाईनमध्ये नको, त्याने स्टीलला खड्डे पडतात. मग रक्ताचे डाग सुटे करणारं एन्झाइमचं द्रावण, नळीच्या मापाचा ब्रश, भरपूर पाणी आणि पूर्ण वाळवणं. वाळवण्यात घाई अजिबात नको: नळीत पाणी राहिलं तर ईटीओशी मिळून इथिलीन ग्लायकॉल हा विषारी पदार्थ तयार होतो. प्लास्टिक तर वायू शोषून धरतं, त्याला नंतर ५० ते ६० अंशांवर ८ ते १२ तास हवा द्यावीच लागते.

आता तुझी कात्री. ती उघडून धुता यावी अशी बनवलेलीच नाही, आणि कंपनीने धुण्याची पद्धतही दिलेली नाही. म्हणजे ती पद्धत सिद्ध करणं पुन्हा वापरणाऱ्याच्या अंगावर येतं. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००० सालीच असं काम करणाऱ्या रुग्णालयांना उत्पादकाचे नियम लावले, ते याचसाठी. स्वच्छतेचे पुरावे, वापरांची ठरलेली मर्यादा, प्रत्येक नगाची नोंद, हे असेल तर पुनर्वापराला माझा विरोध नाही. शिवाय ही कात्री विजेवर चालते, तेव्हा दांड्यावरचं इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारं आवरण, भिंगाखाली बघ. केसाएवढी चीर असली तरी वीज तिथून निसटते आणि आतडं भाजतं, तेही सर्जनच्या नजरेआड.

उद्या ड्युटीवर गेलास की ती कात्री ट्रेमधून काढ, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लाव आणि ब्रश घालून सिस्टरांना दाखव. काय निघालं ते मला कळव.

तुझा,
सर